निवडणूक प्रचाराची भाषा आणि जातिवाचक संबोधने : नामकरणाच्या अधिकाराचा प्रश्न

१. विषयाची मांडणी

निवडणुकीतील प्रचार हा मराठी गद्याचा मोठा, पण साहित्याभ्यासात फारसा विचारात न घेतला गेलेला प्रकार आहे. सभेतील भाषण, जाहीरनामा, पत्रक, जलसा, पोवाडा आणि भिंतीवरील घोषणा या सर्वांतून गेली शंभर वर्षे मराठी भाषा मतदाराला हाक मारीत आली आहे. ही हाक कोणत्या नावाने मारावी, हा प्रश्न वरवर पाहता शिष्टाचाराचा वाटतो; वस्तुतः तो सत्तेचा आहे. ज्याला हाक मारावयाची त्याचे नाव कोणी ठरवावे, या मुद्द्यावर विधिमंडळातून सभात्याग झालेले आहेत, न्यायालयांत निवडणुका रद्द झालेल्या आहेत.

पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न प्रामुख्याने वंशाच्या संदर्भात चर्चिला जातो. महाराष्ट्रात त्याचे रूप जातीचे आहे. या दोहोंतील साम्य मराठी विचारविश्वाला नवे नाही. महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. तर १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव १९६६ मधील अमेरिकेतील ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतले. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील, विशेषतः कोल्हापूर परिसराशी निगडित असलेली काही उदाहरणे घेऊन, प्रचारातील एखादे संबोधन अपमानकारक केव्हा ठरते, याचा भाषिक अंगाने विचार केला आहे.

२. शब्द तेच, वाक्य वेगळे : ‘तेली-तांबोळी’ ते ‘कुणबी’

लोकमान्य टिळकांना ‘तेल्या-तांबोळ्यांचे पुढारी’ असे म्हटले जात असे. हे विशेषण विरोधकांच्या तोंडी हेटाळणीचे होते. अनुयायांनी ते गौरवाचे म्हणून स्वीकारले. शब्द बदलले नाहीत, मूल्य बदलले. सामान्य कष्टकऱ्यांचा पुढारी असणे हे कमीपणाचे की अभिमानाचे, यावर त्या शब्दांची छटा ठरत होती.

पुढे माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांची चर्चा चालू असता, कायदेमंडळात ब्राह्मणेतर जातींना स्वतंत्र प्रतिनिधित्व असावे, या मागणीला टिळकांनी अथणी येथील भाषणात विरोध केला. कुणब्याला, शिंप्याला किंवा वाण्याला कायदेमंडळात जाऊन नांगर, शिवणयंत्र वा तराजू चालवावयाचा आहे काय, असा त्या भाषणातील प्रश्नाचा आशय होता. ब्राह्मणेतर चळवळीने हे उद्गार पुढे अनेक वर्षे प्रचारात वापरले. येथे बारकाईने पाहण्याजोगी गोष्ट अशी, की कुणबी, शिंपी व वाणी यांपैकी एकही शब्द स्वतः शिवी नाही. अपमान शब्दात नसून वाक्यरचनेत आहे. मनुष्याच्या जागी त्याचे अवजार ठेवलेले आहे, आणि नकारार्थी उत्तर गृहीत धरणारा प्रश्न विचारलेला आहे. नांगर कायदेमंडळात नेता येत नाही. म्हणून नांगरधारीही तेथे जाऊ शकत नाही, अशी ही युक्ती. लक्षणेने केलेला हा बहिष्कार श्रोत्यांना बरोबर समजला.

याच टिळकांनी मार्च १९१८ मध्ये मुंबईत भरलेल्या अस्पृश्यतानिवारण परिषदेत अस्पृश्यतेचा कठोर शब्दांत धिक्कार केला होता. म्हणजे वक्त्याची एकूण भूमिका उदार असतानाही एखादे वाक्य एका समूहाला जिव्हारी लागू शकते. वक्त्याचा हेतू हा अपमानाचा एकमेव निकष मानता येत नाही, हे येथे स्पष्ट होते.

‘कुणबी’ या शब्दाचा पुढील प्रवासही उद्‌बोधक आहे. त्याला ‘ट’ लागून झालेले ‘कुणबट’ हे रूप गावंढळपणाची, अडाणीपणाची छटा घेऊन येते. तोच ‘कुणबी’ शब्द एका शतकानंतर दप्तरांतून शोधला जाऊ लागला. मराठा समाजातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य शासनाने २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आरक्षणाच्या संदर्भात कुणबी असल्याचा पुरावा हा हक्काचा पुरावा ठरला. शब्दाची प्रतिष्ठा शब्दकोशातून येत नाही, ती त्या शब्दाशी जोडलेल्या हक्कांतून येते.

३. गौरवाने दिलेले नाव का नाकारले गेले

अपमानकारक शब्द टाळून गौरवाचा शब्द योजला की प्रश्न सुटतो, असा एक समज आहे. ‘हरिजन’ या शब्दाचा इतिहास तो समज खोटा ठरवितो. महात्मा गांधींनी १९३२ नंतर हा शब्द प्रचारात आणला. फेब्रुवारी १९३३ मध्ये पुण्याहून त्याच नावाचे साप्ताहिक निघू लागले. देवाची माणसे, हा अर्थ निःसंशय गौरवाचा होता.

जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या कारकीर्दीत स्थानिक मंडळांसंबंधीच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आले. त्यात अनुसूचित जातींना ‘हरिजन’ म्हणावे, अशी तरतूद होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने तिला विरोध केला. अस्पृश्य हे देवाचे लोक असतील, तर स्पृश्य हे कोणाचे, राक्षसाचे काय, असा नेमका सवाल भाऊराव गायकवाड यांनी केला. विरोध बहुमताने फेटाळला गेला, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाच्या सभासदांनी सभात्याग केला.

या विरोधाचे मर्म दुहेरी आहे. पहिले असे, की नाव गोड झाले तरी ज्याला ते दिले त्याची पाणवठ्यावरील, शाळेतील, शेतावरील स्थिती जशीच्या तशी राहते. उलट गोड नावाने ती झाकली जाते. दुसरे व अधिक महत्त्वाचे असे, की ज्यांचे नाव ठेवावयाचे त्यांच्या प्रतिनिधींचे मत सभागृहाने मोजले, पण मानले नाही. नाव ठेवण्याचा अधिकार बारशाला आई-वडिलांचा असतो. प्रौढ समाजाचे बारसे दुसऱ्याने करणे म्हणजे त्याला अज्ञान समजणे होय. दयाबुद्धीने दिलेले नावही म्हणूनच अपमान करू शकते.

४. संबोधनांचे व्याकरण

या संदर्भात वापरली गेलेली नावे व्याकरणाच्या कसोटीवर तपासली, तर प्रत्येक नावात दडलेली राजकीय भूमिका दिसू लागते.

‘अस्पृश्य’ हे विध्यर्थी कृदंत आहे. स्पर्श करू नये असा, हा त्याचा अर्थ. हे वर्णन नसून निषेधाज्ञा आहे, आणि ती देणारा नावाबाहेर सुरक्षित उभा आहे. ‘बहिष्कृत’ हे कर्मणी भूतकालवाचक विशेषण आहे. ते उच्चारताच ‘कोणी बहिष्कृत केले?’ हा प्रश्न उभा राहतो. २१ व २२ मार्च १९२० रोजी कोल्हापूर संस्थानातील माणगाव येथे बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. तिचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते आणि राजर्षी शाहू महाराज तिला उपस्थित होते. आंबेडकरांनी पुढे १९२४ मध्ये ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापन केली आणि १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ काढले, हे पाहिले म्हणजे या विशेषणाची निवड किती जाणीवपूर्वक होती ते कळते. 

‘दलित’ या शब्दाची घडणही अशीच आहे. दळला गेलेला, भरडला गेलेला असे म्हणताच दळणारा अध्याहृत होतो. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दलित पँथरच्या जाहीरनाम्याने या शब्दाची व्याप्ती वाढवून त्यात भूमिहीन, कामगार, स्त्रिया अशा सर्व शोषितांचा समावेश केला. याउलट ‘हरिजन’ हा षष्ठी तत्पुरुष समास आहे. त्यात मनुष्याचा संबंध देवाशी जोडला जातो. अन्याय करणाऱ्या माणसाला त्यात जागाच नाही. ‘अनुसूचित’ या शब्दात कर्ता आहे, परंतु तो शासन आहे. सूचीत नाव घातले, एवढेच तो सांगतो. का घालावे लागले, ते सांगत नाही.

‘ब्राह्मणेतर’ हे नाव दुसऱ्याच्या नावावर उभे आहे. स्वतःची ओळख नकारातून सांगावी लागणे ही त्याची मर्यादा. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९२० च्या निवडणुकीपूर्वी ‘बहुजन’ पक्षाचा जाहीरनामा काढला, त्यामागे ही मर्यादा ओलांडण्याचा प्रयत्न दिसतो. ‘बहुजन’ हा संख्यावाचक शब्द आहे. जेथे डोकी मोजली जातात तेथे संख्या हेच सामर्थ्य असते. म्हणून निवडणुकीच्या राजकारणाला हा शब्द मानवला. मात्र संख्येचा शब्द एकजूट सांगतो, आतील उतरंड सांगत नाही. ‘दलित’ आरोप करतो, ‘बहुजन’ मोजदाद करतो, ‘अनुसूचित’ नोंद करतो. हे तिन्ही शब्द समानार्थी म्हणून एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत.

ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने प्रसारमाध्यमांना ‘दलित’ऐवजी ‘अनुसूचित जाती’ हा शब्द वापरण्याची सूचना केली, तेव्हा तिला झालेला विरोध या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो. शासकीय दाखल्यावर घटनेतील संज्ञा असावी, हे योग्यच. परंतु चळवळीने स्वतः निवडलेले नाव सार्वजनिक भाषेतूनही जावे, असे म्हणण्यात १९३८ चाच प्रसंग वेगळ्या रूपाने पुन्हा उभा राहतो.

५. कोल्हापुरातील ‘दत्तक’ शब्दाचा वाद

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत कोल्हापूर मतदारसंघात काँग्रेसचे शाहू छत्रपती आणि शिवसेनेचे संजय मंडलिक यांच्यात लढत झाली. प्रचाराच्या काळात मंडलिक यांनी शाहू छत्रपती हे दत्तक आलेले असून राजर्षींचे खरे वारस कोल्हापूरची जनता आहे, अशा आशयाचे विधान केले व त्यावरून मोठा वाद झाला. हा वाद जातीचा नव्हे; परंतु जन्मावरून मनुष्याची अधिकृतता ठरविण्याचा आहे, म्हणून तो या विषयाच्या कक्षेत येतो.

या विधानात दोन विचार एकत्र आले आहेत. वैचारिक वारसा लोकांचा असतो, हा विचार लोकशाहीला धरूनच आहे. पण त्याच्या पुष्टीसाठी ‘दत्तक’ हा शब्द आला, तेव्हा तर्काची दिशा उलटली. वारसा रक्ताचा नसतो असे म्हणावयाचे असेल, तर कोणी दत्तक आहे की नाही, हा मुद्दाच अप्रस्तुत ठरतो. मराठीत ‘दत्तक’ची विरुद्ध जोडी ‘औरस’ ही आहे, ‘खरा’ ही नव्हे. ‘खरा’ हे विशेषण शेजारी येताच, मुळात ‘दिलेला’ एवढाच अर्थ असलेल्या शब्दाला ‘खोटा’ची छटा चिकटते. शिवाय राजर्षी शाहू हे स्वतः कागलच्या घाटगे घराण्यातून १७ मार्च १८८४ रोजी दत्तक आलेले होते. कोल्हापुरात हा शब्द उच्चारताना इतिहास वक्त्याच्या बाजूने उभा राहत नाही. वेदोक्त प्रकरणात जन्माधारित अधिकाराच्या कल्पनेशी ज्या गादीने झुंज दिली, तिच्या संदर्भात जन्माचा दाखला मागितला जावा, हा विरोधाभास होता.

६. कायद्याची दृष्टी आणि एका सर्वनामाचा अर्थ

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२३(३) धर्म, वंश, जात, समाज वा भाषा यांच्या आधारे मत मागणे हा भ्रष्ट आचार ठरविते. मुंबईतील सांताक्रूझ मतदारसंघातील १९९० च्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अभिराम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन अशा मतांनी निर्णय दिला. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने त्यातील रोचक भाग हा, की सारा वाद कलमातील ‘त्याच्या’ या अर्थाच्या इंग्रजी सर्वनामाभोवती फिरला. ‘त्याच्या धर्माच्या आधारे’ म्हणजे केवळ उमेदवाराच्या, की मतदाराच्याही? बहुमताने मतदाराचाही समावेश केला. मराठीत ‘आपल्या’ आणि ‘त्याच्या’ ही दोन वेगळी रूपे असल्याने कलम मराठीत रचले गेले असते, तर ही संदिग्धता बरीच कमी झाली असती.

अल्पमतातील न्यायाधीशांचे म्हणणे मात्र प्रस्तुत विषयाच्या गाभ्याशी जाते. जातीमुळे भोगाव्या लागलेल्या अन्यायाची चर्चा निवडणुकीत करणे म्हणजे जातीच्या नावाने मत मागणे नव्हे, अशी त्यांची दृष्टी होती. जातिवाचक शब्दांवर सरसकट बंदी आणली, तर अपमान करणारा गप्प बसेल हे खरे. पण अपमान झालेल्यालाही आपले गाऱ्हाणे मांडण्यास शब्द उरणार नाहीत.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून प्रचारातील संबोधन तपासण्यासाठी चार प्रश्न सुचविता येतात. हे नाव त्या समूहाने स्वतः स्वीकारलेले आहे, की दुसऱ्याने दिलेले? उच्चारणाऱ्याचे त्या समूहाशी नाते बरोबरीचे आहे, की उपकारकर्त्याचे? वाक्यात त्या नावाला कोणते स्थान आहे. ते कर्ता म्हणून येते, की अवजाराच्या, आकड्याच्या वा उपहासाच्या जागी? आणि त्या नावाने अन्याय उघड होतो, की झाकला जातो? वर्ज्य शब्दांची यादी करून हे काम होत नाही. कारण ‘कुणबी’ हा शब्द एका वाक्यात कायदेमंडळाचे दार बंद करतो आणि दुसऱ्या काळात हक्काचे दार उघडतो.

मराठी विभागांतून प्रचारसाहित्याचे संकलन आणि शैलीवैज्ञानिक अभ्यास होणे म्हणून आवश्यक आहे. पत्रके निवडणूक संपताच रद्दीत जातात. त्यांनी समाजाला दिलेली नावे मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. १९३८ मध्ये सभागृह सोडून गेलेल्या सभासदांची मागणी नव्या शब्दाची नव्हती. आपले नाव आपल्याला विचारून ठेवावे, एवढीच ती होती. कोणत्याही प्रचारभाषेचे मूल्यमापन करताना ही मागणी आधाराला घ्यावी लागेल.