चुकीच्या नावापेक्षा ‘अज्ञात’ बरं

पालमला घरी बसून मी सॉफ्टवेअरच्या वेगाचं काम पाहतो. बिलिंगचा सर्व्हर मंदावला म्हणून आम्ही ‘पर्फ’ चालवलं, म्हणजे कोणता कोड चालू आहे याचे नमुने ठराविक वेळाने घेणारं लिनक्सचं प्रोफायलर. टीमने स्वतः लिहिलेल्या रिपोर्टच्या साधनाने सांगितलं, निम्मा वेळ तारीख छापणारं फंक्शन खातंय. ते नव्याने लिहायची तयारीही सुरू झाली.

मला खटकली ती वरची साखळी. त्या फंक्शनला बोलावणाऱ्यांचा तारखेशी काडीचा संबंध नव्हता. म्हणून नावं बाजूला ठेवून कच्चे पत्ते काढले. काही नुसते ३२, ४८ असले आकडे. तिथे कोड असूच शकत नाही. कंपायलरने फ्रेम पॉइंटर, म्हणजे स्टॅकवरच्या फ्रेमचा पत्ता धरणारं रजिस्टर, वगळून दुसऱ्या कामाला लावलेलं, त्यात भलताच आकडा, आणि प्रोफायलर तोच धरून स्टॅक चढत गेलेला. बाकीचे पत्ते नावं काढून टाकलेल्या लायब्ररीतले होते. साधनाने त्यांच्या अलीकडच्या पत्त्यावर सापडेल ते नाव त्यांना चिकटवलं होतं. खरा वेळ खात होता त्याच लायब्ररीतला फाइल दाबून लहान करणारा कोड.

असं साधन लिहिणार असाल तर प्रत्येक पत्ता प्रोसेसच्या मेमरी नकाशाशी ताडून पाहा. कोड चालवता येणाऱ्या भागात तो नसेल तर साखळी तिथेच थांबवा आणि ‘अज्ञात’ लिहा. नमुना फेकू मात्र नका. फेकला की उरलेल्यांची टक्केवारी फुगते. जावासारख्या भाषांत कोड चालता चालता तयार होतो, त्याच्या नावांची वेगळी फाइल ठेवावी लागते. आणखी एक बारकावा: स्टॅकवरचा पत्ता परतीचा, म्हणजे कॉलच्या पुढच्या सूचनेचा असतो. त्यातून एक वजा करून मग नाव शोधा, नाहीतर फंक्शनच्या अगदी शेवटी असलेला कॉल शेजाऱ्याच्या नावावर जातो. सर्वात आतल्या फ्रेमला हे लागू नाही.

साखळी मुळातच बरोबर मिळायला हवी तर फ्रेम पॉइंटर ठेवून बांधणी करणं सगळ्यात सोपं. २०२३च्या फेडोरा ३८ने आणि पुढे उबुंटू २४.०४ने आपली पॅकेजेस तशीच बांधायला घेतली. थोडा वेग जातो, पण मला तो सौदा पटतो. दुसरा मार्ग ‘ड्वार्फ’ या डीबग माहितीचा. त्यात वेगळं सांगितलं नाही तर पर्फ दर नमुन्याला स्टॅकचे ८ केबी उचलतं. त्याहून खोल साखळी तुटते आणि फाइल अवाढव्य होते. आमच्या इथल्या नेटवर ती उतरवण्यात दुपार जाते, म्हणून नावं सर्व्हरवरच लावून नुसता मजकूर खाली घ्यावा. तिथेही बायनरीचा बिल्ड-आयडी, म्हणजे त्या बांधणीची ओळखखूण, नमुने घेतले तेव्हाच्या बायनरीशी जुळतोय का बघा. मध्ये नवी आवृत्ती चढली असेल तर पत्ते सगळे वैध दिसतात, नावं मात्र भलतीच लागतात.