अंगणातला मटार

तुमच्या घरी ज्याला 'मटर' म्हणतात, त्याला मराठीत दोन नावे आहेत. शेंगेतला हिरवा, कोवळा दाणा म्हणजे मटार आणि तोच वाळला की वाटाणा. हा फरक वरवर लहान वाटतो. पण तो लक्षात न आल्यामुळे माझा एक हिवाळा वाया गेला.

मालेगावला आमच्या घरामागे चार हात लांबीची मोकळी जागा आहे. पहिल्या वर्षी मी किराणा दुकानातले पांढरे वाटाणेच तिथे पेरले. सप्टेंबर संपत आला होता, ऊन कडक होते आणि मी उत्साहाने रोज दोन वेळा पाणी घालत होतो. निम्मे दाणे मातीतच कुजले. उरलेल्या वेलींना शेंगा आल्या, तेव्हा पाहुणे येणार म्हणून मी त्या आठ दिवस वेलीवरच राखून ठेवल्या. अम्मींनी पुलाव केला, पहिला घास घेतला आणि विचारले, "हे मटर आहेत की छर्रे?" मराठीत 'वाटाण्याच्या अक्षता लावणे' असा वाक्प्रचार आहे. एखाद्याला काही न देता वाटेला लावणे, हा त्याचा अर्थ. माझ्या वाफ्याने मला त्याच लावल्या होत्या!

तुम्ही असे करू नका. बियाण्याच्या दुकानातून 'अर्केल'सारखे लवकर येणारे बी आणा. त्याचा दाणा सुरकुतलेला असतो. गुळगुळीत वाटाण्यात पिष्ट जास्त असते, सुरकुतलेल्या दाण्यात साखर जास्त असते. म्हणून त्याचा मटार गोड लागतो. ग्रेगोर मेंडेल यांनी आनुवंशिकतेचे नियम शोधताना याच गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांचा अभ्यास केला होता. त्यांचा निबंध 1866 साली प्रसिद्ध झाला. विज्ञानाच्या तासाला हे नाव तुम्हांला पुन्हा भेटेल. एक सूचना मात्र विसरू नका: दुकानातल्या बियांना पुष्कळदा रंगीत औषध चोळलेले असते. ते बी तोंडात घालू नका आणि पेरल्यावर हात साबणाने धुवा.

मटाराला थंडी आवडते. म्हणून ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरा. माती भुसभुशीत करून तिच्यात कुजलेले शेणखत मिसळा. दोन ओळींत एक फूट आणि दोन दाण्यांत चार बोटे अंतर ठेवा. बी फार खोल जाऊ देऊ नका; दीड इंच पुरे. पेरल्यावर एकदा पाणी द्या, मग माती नुसती ओलसर राहील एवढेच. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतील. चिमण्यांनी एखादा शेंडा तोडला तरी घाबरू नका. मटाराच्या डाळिंब्या जमिनीखालीच राहतात आणि तिथून पुन्हा नवा कोंब फुटू शकतो.

वेल वीतभर झाली की तिच्याजवळ तुराट्या रोवा. पानांच्या टोकाचे बारीक तंतू आपोआप त्यांना विळखा घालतील. फुले आल्यावर आणि दाणे भरताना मात्र पाण्याची हयगय चालत नाही. पानांवर पिठासारखी पांढरी भुकटी दिसली, तर ती भुरी होय. अशी पाने लगेच खुडा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, तोडणी. पेरणीपासून सुमारे दोन महिन्यांनी खालच्या शेंगा आधी भरतात. शेंग हिरवीगार, चकचकीत आणि बोटाला भरलेली लागली की ती त्याच दिवशी तोडा. चकाकी गेली, सालीवर जाळी दिसू लागली, की दाण्यातल्या साखरेचे पिष्ट होऊ लागले असे समजा. माझे 'छर्रे' असेच तयार झाले होते. एका हाताने वेल धरा आणि दुसऱ्या हाताने शेंग खुडा. एका हाताने ओढाल तर नाजूक वेल मुळासकट हातात येईल. दर दोन-तीन दिवसांनी तोडणी करा. शेंगा वेलीवरच पिकू दिल्या, तर वेल नवी फुले धरत नाही. तोडलेल्या शेंगेतलीही साखर कमी होत जाते, म्हणून सकाळी तोडलेला मटार दुपारच्या हंडीत पडलेला बरा. किलोभर शेंगांतून अर्ध्या किलोच्या आसपासच दाणे निघतात. त्यातलेही काही सोलणाऱ्यांच्या तोंडात जातात, हा हिशेब अम्मी आधीच धरतात.

हंगाम संपल्यावर वेली उपटू नका, जमिनीलगत कापा. वेल बकरी आवडीने खाते. मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांतले जीवाणू हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात. तो पुढच्या भाजीला उपयोगी पडतो. मी त्याच वाफ्यात मेथी टाकतो. दोन चांगल्या वेली मात्र कापायच्या ठेवतो. त्यांच्या शेंगा वाळून खुळखुळू लागल्या, की दाणे काढून बाटलीत भरतो. यंदाच्या बाटलीवर अम्मींनी स्वतः चिठ्ठी लावली आहे: 'पाहुण्यांसाठी थांबू नये.'