सूत्रधाराचा अधिकार आणि लिखित संहिता : विष्णुदासी नाटकाच्या संदर्भात

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीस विष्णुदास भावे यांच्या 'सीतास्वयंवरा'चा प्रयोग झाला आणि १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' हे गद्य नाटक लिहिले गेले. या दोहोंमधील अठरा वर्षे आपल्या अध्यापनात सहसा एका वाक्यात संपतात : भाव्यांच्या नाटकाला संहिता नव्हती, कीर्तन्यांपासून ती आली. हे विधान परीक्षार्थीला सोयीचे आहे. परंतु ते अर्धेच खरे आहे. भाव्यांच्या नाटकात लिहिलेले काहीच नव्हते असे नाही. आख्यानाची पदे भाव्यांनी स्वतः रचलेली होती आणि पुढे १८८५ मध्ये ती 'नाट्यकवितासंग्रह' या नावाने प्रसिद्धही झाली. लिहिलेली नव्हती ती पात्रांची भाषणे. म्हणून 'संहिता होती की नव्हती' यापेक्षा 'काय लिहिलेले होते, ते कोणाच्या स्वाधीन होते आणि उरलेल्याचा निर्णय कोण करीत होते' हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो.

विष्णुदासी प्रयोगाची घडण या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मंगलाचरण, विदूषक, गणपती, सरस्वती हा क्रम ठरलेला. त्यानंतर आख्यान सुरू होई. सूत्रधार प्रस्तावनेपुरता येऊन जात नसे. साथीदारांसह तो अखेरपर्यंत रंगभूमीवर उभा असे. प्रसंगाचे वर्णन करणारे पद तो म्हणे, पात्र त्यावर अभिनय करी आणि मग त्या पदाच्या आशयाला धरून स्वतःच्या शब्दांत भाषण करी. लिखित अंश सूत्रधाराच्या मुखात आणि अलिखित अंश पात्रांच्या मुखात, अशी ही वाटणी होती. पात्राने काय बोलावे हे सूत्रधार ठरवीत नसे. मात्र ते बोलणे कोठे थांबावे हे त्याच्या हाती होते. पुढचे पद त्याने उचलले की भाषण संपले. राक्षसपार्टी नटाने 'अललडुर्र'च्या आरोळ्या ठोकीत कितीही धुमाकूळ घातला तरी कथेला मार्गावर आणण्याचे साधन सूत्रधारापाशी होते, आणि ते साधन लिखित पद हेच होते. येथे व्यक्तीचा अधिकार आणि लिखित शब्द परस्परविरोधी नाहीत. पद नसते तर सूत्रधाराची सत्ता निव्वळ आरडाओरडीची ठरली असती. सूत्रधार नसता तर पद पोथीत पडून राहिले असते.

हा पेच केवळ मराठी रंगभूमीचा नाही. १८२४ मध्ये राइसविट्झ या प्रशियन अधिकाऱ्याने सैनिकी शिक्षणासाठी युद्धखेळाचे तपशीलवार नियम छापले. फासे आणि कोष्टके पाहून पंच निर्णय देई. नियमांचे हे ओझे जड होऊ लागले, तेव्हा १८७६ मध्ये व्हेर्दी या सेनानीने कोष्टके बाजूला सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ सोपविण्याचा पुरस्कार केला. आपल्याकडे व्यक्तीकडून ग्रंथाकडे प्रवास चालू असताना तिकडे ग्रंथाकडून व्यक्तीकडे चालला होता. याच वंशातून १९७४ मध्ये अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा भूमिका घेऊन खेळावयाचा खेळ निघाला. त्यात प्रत्येक खेळाडू एक पात्र होऊन स्वतःच्या शब्दांत बोलतो आणि 'गेम मास्टर' कथा चालवितो. नियमपुस्तक आणि गेम मास्टर यांत श्रेष्ठ कोण, हा वाद त्या खेळात आजही मिटलेला नाही. खेळाचे एक कर्ते गॅरी गायगॅक्स यांनी १९७९ च्या मार्गदर्शक ग्रंथात नियमांच्या अक्षरापेक्षा खेळाच्या आशयाला महत्त्व दिले, हेही नियमपुस्तकातच लिहून ठेवावे लागले! विष्णुदासी सूत्रधाराशी त्याचे साम्य स्पष्ट आहे. भेदही तितकाच मोठा आहे : सीतास्वयंवराचा शेवट प्रेक्षकांना आधीच ठाऊक असतो, आणि म्हणून सूत्रधाराचा अधिकार फलिताविषयी नसून गतीविषयी असतो.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' आले आणि सूत्रधाराचे गाणे पात्रांकडे गेले. सूत्रधार प्रस्तावनेपुरता उरला. आता भाषणेही लिखित आणि पदेही लिखित. तरी अधिकार संहितेकडे गेला असे मात्र झाले नाही. 'वन्समोअर'च्या काळात प्रयोगाची लांबी नाटककार ठरवीत नव्हता, गायकनट आणि श्रोते ठरवीत होते.

संहितेला खरे बळ मिळाले ते रंगभूमीबाहेरून. १८७६ च्या नाट्यप्रयोग अधिनियमाला, तो रद्द होईपर्यंत, तपासण्यासाठी कागद हवा असे, आणि स्वातंत्र्योत्तर काळातील रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या व्यवस्थेलाही तो हवा असतो. मंजूर झालेला मजकूर हाच प्रयोग, असे ही व्यवस्था धरून चालते. सोलापूरशी जन्माचे नाते असलेल्या वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य १९६५ मध्ये रंगभूमीवर आले, तेव्हा ही गृहीते किती तोकडी आहेत हे दिसून आले. मूळचा 'छपरी पलंगाचा वग' सबनीसांनी लिहिलेला होता. तथापि दादा कोंडके ताज्या घडामोडींवर ऐन वेळी ज्या कोट्या करीत, त्या कोणत्याही प्रतीत मिळणार नाहीत. वगाची प्रकृतीच तशी आहे. सोंगाड्याने छापील तेवढेच बोलावे असा आग्रह धरला तर संहिता शाबूत राहील आणि वग उरणार नाही. दुसरीकडे, त्याने वाटेल ते बोलावे असे म्हटले तर लेखकाच्या रचनेला अर्थ राहत नाही, आणि बोललेल्याचा जाब कोणाला विचारावयाचा हेही अनिश्चित होते. भाव्यांच्या प्रयोगात त्याला उत्तर होते. पद ज्याच्या हाती, जबाबदारी त्याची.

आपल्या विद्यापीठीय संशोधनाने या बाबतीत परिनिरीक्षण मंडळाचीच दृष्टी नकळत स्वीकारलेली दिसते. छापील प्रत हाती असेल तर ते 'वाङ्मय', नसेल तर 'लोककला' म्हणून वेगळ्या प्रश्नपत्रिकेत. त्यामुळे विष्णुदासी नाटकाला पूर्वपीठिकेचे एक प्रकरण मिळते, आणि सिंधुदुर्ग-गोव्यातील दशावताराला बहुधा तेही मिळत नाही. वस्तुतः दशावतारात ही वाटणी आजही पाहावयास मिळते : पूर्वरंग परंपरेने बांधलेला, आख्यान प्रयोगापूर्वी आपसांत ठरविलेले, संवाद नटांचे, आणि पेटीवर बसून प्रसंग जोडणारा नाईक. अशा प्रयोगाचे ध्वनिमुद्रण करून ते उतरविले तर एका रात्रीची भाषणे मिळतील. दुसऱ्या रात्री त्याच आख्यानात, त्याच नटांकडून, ती निराळी असतील. अभ्यासकाने उतरवून घ्यावयाचे ते नाईकाने गाणे केव्हा उचलले आणि नटाने ते केव्हा मानले, हे.