चोख नोंद आणि मोकळें मन

शाळेंत प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक मुलाचें नांव कार्यालयांतील जनरल रजिस्टरांत लिहिलें जातें. पुढें शाळा सुटते, दाखला मिळतो, आणि त्या दाखल्यावरील नांव व जन्मतारीख मनुष्यास जन्मभर पुरते. लिहिणाऱ्याच्या हातून एक आंकडा चुकला, तर नोकरी, निवृत्तिवेतन, परदेशगमनाचा परवाना, अशा सर्व ठिकाणीं ती चूक त्याची पाठ धरते. म्हणून नोंद म्हणजे केवळ कागदावरील शाई नव्हे. तिच्या पाठीमागें कोणाचें तरी आयुष्य उभें असतें. आज अशा नोंदी कागदाऐवजीं संगणकांत ठेवल्या जातात, आणि त्या नोंदींची व्यवस्था घडविणारा एक कारागीरवर्ग निर्माण झाला आहे. त्यास डेटाबेस डेव्हलपर असें म्हणतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येक जण उद्यां या व्यवसायांत शिरतील. त्यांना व त्यांच्या पालकांना या कामाचें स्वरूप कळावें, आणि त्यांत नांव मिळविण्यास कोणता गुण लागतो हेंहि ध्यानांत यावें, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

प्रथम डेटाबेस म्हणजे काय तें पाहूं. एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा पत्ता हजेरीपटांत, फीच्या वहींत आणि वाचनालयाच्या वहींत असा तीन ठिकाणीं लिहिला आहे, अशी कल्पना करा. कुटुंबानें घर बदललें. कारकुनानें एका वहींतील पत्ता दुरुस्त केला, पण इतर दोहोंत जुनाच राहिला. आतां खरा पत्ता कोणता? शहाणा चिटणीस म्हणेल कीं, पत्त्यांची वही एकच असावी. बाकीच्या वह्यांत विद्यार्थ्याचा नोंदणीक्रमांक तेवढा लिहावा, आणि पत्ता हवा असेल तेव्हां त्या क्रमांकावरून मूळ वहींत पाहावा. प्रत्येक गोष्ट एकदांच व एकाच ठिकाणीं लिहावी, हें डेटाबेस रचण्याचें पहिलें सूत्र होय.

या पद्धतीस शास्त्राचा पाया घालण्याचा मान एडगर कॉड या गणितज्ञाकडे जातो. त्यांचा जन्म १९२३ सालीं इंग्लंडांत झाला. दुसऱ्या महायुद्धांत त्यांनीं वैमानिक म्हणून काम केलें, व पुढें अमेरिकेंत आयबीएम या कंपनीच्या संशोधनशाळेंत ते लागले. १९७० सालीं त्यांनीं संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या मासिकांत एक निबंध प्रसिद्ध केला. सर्व माहिती साध्या कोष्टकांत मांडावी, आणि कोष्टकांतील परस्परसंबंध गणिताच्या नियमांनीं हाताळावा, असें त्यांनीं त्यांत प्रतिपादिलें. त्यांच्याच कंपनीनें या विचाराचा माल बनवून विकण्यास पुष्कळ वर्षें लावलीं. परंतु निबंध सर्वांसाठीं खुला होता. बर्कली येथील विद्यापीठांत मायकेल स्टोनब्रेकर व यूजीन वाँग या प्राध्यापकांनीं तो वाचला, आणि १९७३ च्या सुमारास त्याच तत्त्वांवर इन्ग्रेस नांवाचा डेटाबेस उभारण्यास आरंभ केला. १९८१ सालीं कॉड यांस ट्युरिंग पारितोषिक मिळालें. एका घरांत अडलेला विचार दुसऱ्या घरांत फळास आला, तो केवळ मोकळेपणानें सर्वांपुढें मांडला होता म्हणून.

दुसरें सूत्र आमच्याकडील दुकानदारांस नवें वाटणार नाहीं. व्यापारी दिवसाचा व्यवहार आधीं कीर्दींत घडल्या क्रमानें लिहितो, व मग सवडीनें तो खतावणींत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवितो. खतावणी अर्धवट राहिली तरी कीर्दीवरून ती पुरी करतां येते. डेटाबेसहि असेंच करतो. प्रत्येक बदल तो आधीं आपल्या कीर्दींत पक्का लिहितो, आणि नंतर मूळ कोष्टकांत उतरवितो. मध्येंच वीज गेली, तरी पुन्हां सुरू होतांच तो कीर्द वाचून आपली खतावणी पुरी करतो. तसेंच, पालकांच्या खात्यांतून फी वजा झाली पण शाळेच्या खात्यांत जमा झाली नाहीं, असें तो होऊं देत नाहीं. दोन्ही गोष्टी तरी होतात, नाहींतर एकहि होत नाहीं.

या यंत्रणेवर काम करणाऱ्यानें कोष्टकें कशीं असावींत तें ठरवावयाचें; पुस्तकाच्या शेवटीं विषयसूची असते तशी सूची कोष्टकास जोडून शोध जलद होईल असें पाहावयाचें; आणि कोणताहि मोठा बदल आधीं नकलेवर करून पाहावयाचा. बाहेरून पाहणाऱ्यास हें काम एकट्यानें खोलींत बसून करण्याचें वाटतें. वस्तुतः तें तसें नाहीं. स्टोनब्रेकर यांनीं १९८६ सालीं इन्ग्रेसच्या पुढचें पाऊल म्हणून पोस्टग्रेस नांवाचें नवें काम हातीं घेतलें. १९९६ सालापासून तें पोस्टग्रेसक्यूएल या नांवानें चालत आहे. त्याचा मालक कोणी एक कंपनी नाहीं. जगांतील अनेक देशांचे अभियंते तो घडवितात, आणि त्यांत आमच्या पुण्यांत बसून काम करणारेहि आहेत. एखाद्यास त्यांत सुधारणा सुचली, तर ती त्यानें सर्वांसमक्ष मांडावी लागते. इतर जण ती तपासतात, दोष दाखवितात, व पुष्कळ वेळां ती परत पाठवितात. शिवाय, जो आपलें काम तपासण्यास देतो त्यानें दुसऱ्या कोणाचें तरी काम तपासून द्यावें, असा तेथील प्रघात आहे. आपल्या पाटीवरील गणित दुसऱ्यास दाखविण्यास लाजणारा मुलगा या मंडळींत फार काळ टिकणार नाहीं.

आतां जो प्रसंग सांगावयाचा आहे तो ३१ जानेवारी २०१७ च्या रात्रीचा. गिटलॅब नांवाची एक कंपनी आहे. जगभरचे प्रोग्रॅम लिहिणारे लोक आपलें काम तिच्या संगणकांवर ठेवतात. तिचा डेटाबेस एका संगणकावर होता, व दुसऱ्या संगणकावर त्याची नक्कल सतत उतरत होती. त्या रात्रीं ही नक्कल मागें पडून बंद झाली. कामावर असलेला अभियंता थकून उठण्याच्या बेतांत होता, तोंच ही अडचण उभी राहिली. नक्कल नव्यानें काढण्यापूर्वीं दुसऱ्या संगणकावरील जुनी माहिती पुसावी म्हणून त्यानें आज्ञा दिली. पण ती चुकून मूळ संगणकावर दिली गेली. एकदोन सेकंदांत चूक ध्यानांत येऊन त्यानें ती थांबविली. तोंपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइट माहितीपैकीं अवघी साडेचार गिगाबाइट उरली होती.

मग राखीव प्रतींचा शोध सुरू झाला. रोज आपोआप निघणारी प्रत जेथें असावयाची, तेथें कांहींच नव्हतें. प्रत काढणारें साधन पोस्टग्रेसक्यूएलच्या ९.२ या आवृत्तीचें, आणि डेटाबेस ९.६ या आवृत्तीचा. त्यामुळें तें साधन प्रत्येक वेळीं अयशस्वी होत होतें. तशी सूचना देणारीं पत्रें निघत होतीं, पण पत्रव्यवस्था तीं नाकारीत असल्यामुळें कोणाच्याहि हातीं पडत नव्हतीं. सुदैव इतकेंच कीं, त्याच अभियंत्यानें सुमारे सहा तासांपूर्वीं दुसऱ्या एका चांचणीसाठीं स्वहस्तें एक प्रत काढून ठेविली होती. तिच्यावरून दुसऱ्या दिवशीं सर्व पुन्हां उभें राहिलें. मधल्या सहा तासांतील नोंदी मात्र कायमच्या गेल्या. सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० अभिप्राय आणि ७०० नवीं खातीं यांस त्याची झळ लागली.

असें झाल्यावर बहुतेक माणसें काय करतात, हें आम्ही सर्व जाणतों. दार लावून घेतात, आणि दोष कोणावर ढकलावा याचा विचार करतात. येथें त्याच्या उलट घडलें. कंपनीनें आपल्या दुरुस्तीचीं टिपणें काम चालू असतांनाच सर्वांस वाचावयास खुलीं केलीं. पुढें सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला, व त्यांत त्या अभियंत्याचें नांव छापलें नाहीं. माहिती कां पुसली गेली, प्रत कां नव्हती, ती नसल्याचें कोणास कां कळलें नाहीं, असे एकामागून एक प्रश्न विचारून कारणांच्या मुळाशीं जाण्याचा यत्न केला. तो अहवाल वाचून इतर ठिकाणच्या व्यवसायबंधूंस आपलें घर तपासण्याची संधि मिळाली. एकाची ठेंच अनेकांच्या उपयोगी पडली, ती केवळ सांगितल्यामुळें.

विद्यार्थिमित्रहो, या हकीकतींत दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी कीं, प्रत काढून ठेविली एवढ्यानें निश्चिंत होऊं नये. ती उघडून पाहावी. जी प्रत कधीं उघडून पाहिली नाहीं, ती आहे असें समजूं नये. पाठ केलेल्या धड्याचेंहि तसेंच आहे. पुस्तक मिटून म्हणून पाहिल्यावांचून तो आला कीं नाहीं हें कळत नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, चूक झांकली म्हणजे ती मरत नाहीं, वाढते. वर सांगितलेल्या प्रकारांत चुकीच्या आज्ञेनें जेवढें नुकसान केलें, त्याहून अधिक भय त्या न पोंचलेल्या पत्रांचें होतें. कारण तेथें चूक बोलत होती, पण तिचें बोलणें कोणाच्या कानीं जात नव्हतें.

पालकांसहि आमची एक विनंति आहे. मुलगा किंवा मुलगी आपण होऊन 'माझ्या हातून चुकलें' असें म्हणत आली, तर प्रथम तिचें म्हणणें पुरतें ऐकून घ्यावें, आणि शिक्षेचा विचार मागाहून करावा. ज्या घरांत चूक सांगणाऱ्यासच पहिली छडी बसते, त्या घरांतील मुलें चूक करण्याचें सोडीत नाहींत. सांगण्याचें तेवढें सोडतात. उद्यां त्यांच्या हातीं लक्षावधि लोकांचीं नांवें, जन्मतारखा व पैशांचे हिशेब येतील. तेव्हां त्यांना बुद्धि तर लागेलच. पण 'माझें चुकलें, येऊन पाहा' असें चार व्यवसायबंधूंपुढें म्हणण्याचें धैर्य त्याहूनहि अधिक लागेल. तें धैर्य कोणत्याहि परीक्षेच्या अभ्यासक्रमांत नेमलेलें नाहीं. तें घरींच आणि शाळेंतच शिकावें लागतें.