आधी भाकरी, मग चहा

निपाणी, चिकोडी, संकेश्वर, बेळगाव या आपल्या पट्ट्यात दिवस सुरू होतो तो चहाच्या आधणानं. शेताला निघालेला असो, विड्या वळायला बसलेली असो की कारखान्याच्या पाळीला जाणारा असो, पोटात पहिला जातो तो साखर घालून उकळलेला चहा, आणि त्यात बुडवलेलं बटर, टोस्ट नाहीतर खारी. शिवारात ऊस, जवळपास साखर कारखाना, बेळगावात कुंदा. गोडाची माया आपल्याला असणारच. माझं भांडण गोडाशी नाही, वेळेशी आहे. रिकाम्या पोटी कॅफीन, साखर आणि मैदा हे तिघं एकदम आत जातात, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाला हा मेळ महागात पडतो. असा माणूस आता घरोघरी आहे. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींवर लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींवर लोक त्याच्या वाटेवर आहेत. चोर्ला घाट उतरला की लागणाऱ्या गोव्यात तर प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वांत जास्त.

सकाळीच हे का बाधतं, ते समजून घ्यायला हवं. पहाटे शरीर जागं होण्याची तयारी करतं तेव्हा यकृत आपणहून थोडी साखर रक्तात सोडतं. ज्याचं इन्सुलिन कमी पडतं, त्याची साखर न खातापिताच चढलेली असते. त्यावर चहातली साखर येते आणि मैद्याचं बटर येतं, ज्याची पोटात भराभर साखरच होते. कॅफीन स्वतः गोड नाही, पण ते अॅड्रेनलिन वाढवतं, आणि मग स्नायू रक्तातली साखर उचलायला कचरतात. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठानं २०२० साली २९ निरोगी माणसांवर हे तपासलं. रात्री दर तासाला उठवून मोडलेल्या झोपेनं सकाळच्या साखरेत फारसा फरक पडला नाही. मात्र तशाच रात्रीनंतर गोड पेयाच्या अर्धा तास आधी कडक काळी कॉफी दिली, तेव्हा साखरेची चढ सुमारे ५० टक्क्यांनी वाढली.

यावर रास्त आक्षेप येईल की ती कॉफी ३०० मिलिग्रॅम कॅफीनची होती, आणि आपल्या कपभर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅमच असतं. खरं आहे. म्हणून एका कपाचं भय मी घालत नाही. चहातला मोठा दोषी साखर आहे, कॅफीन तिचा जोडीदार. चमच्यात सुमारे ४ ग्रॅम साखर धरली, तर दोन चमच्यांचे तीन कप म्हणजे २४ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहायला सुचवते, म्हणजे सगळी मुभा चहातच संपली. शरीराला कॅफीनची सवय होते, हे म्हणणंही पुरतं टिकत नाही. ड्यूक विद्यापीठाच्या २००८च्या अभ्यासातले मधुमेही रोजचेच कॉफी पिणारे होते. तरी कॅफीन दिलेल्या दिवशी त्यांची सरासरी साखर ८ टक्क्यांनी चढली. तो अभ्यास दहाच माणसांचा होता, पण दिशा तीच दाखवतो. कॉफी पिणाऱ्यांना मधुमेह कमी होतो असं मोठ्या पाहण्यांत दिसतं, हेही खरं. पण कॅफीन काढलेल्या कॉफीतही तोच कल दिसतो, म्हणजे त्याचं श्रेय कॅफीनला देता येत नाही. ‘आम्ही गुळाचा चहा घेतो’ असं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की गूळही मुख्यतः उसाची साखरच आहे. आणि आजोबा गोड चहावरच जगले म्हणाल, तर चहानंतर ते मोट हाकायचे, चार मैल चालायचे. राबणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर ओढून घेतो. आपण त्यांचा चहा ठेवला आणि त्यांचे कष्ट सोडले.

म्हणून माझं सांगणं चहा सोडा असं नाही, क्रम बदला असं आहे. उठल्यावर पाणी प्या. मग जोंधळ्याची भाकरी, सोबत मटकीची उसळ, झुणका किंवा शेंगदाण्याची चटणी आणि दही. अंडं चालत असेल तर अंडं. कडधान्यातली प्रथिनं आणि चोथा साखरेला सावकाश रक्तात उतरू देतात. रात्रीची उरलेली भाकरी बटरच्या पुड्यापेक्षा स्वस्त पडते, तेव्हा हा श्रीमंतांचा उपाय नव्हे. चहा त्यानंतर तासाभरानं घ्या. अन्नातलं लोह अंगी लागावं म्हणूनही एवढं अंतर ठेवायला आयसीएमआर सांगते. साखर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेलात तर जीभ कुरकुरत नाही. न्याहारीनंतर पंधरा मिनिटं चाला. माझ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा ग्लुकोमीटरवर ठेवा: एके दिवशी चहा-बटर, दुसऱ्या दिवशी भाकरी-उसळ, आणि दोन्ही दिवशी पहिल्या घासानंतर बरोबर दोन तासांनी मोजा. एक खबरदारी मात्र पाळाच. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल, तर न्याहारी बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा. तोच डोस आणि कमी गोड खाणं यांनी साखर एकदम खाली जाऊ शकते. बाकी सगळं आपल्या चुलीपाशीच आहे: चहाचं आधण ठेवण्याआधी तवा ठेवायचा.