उजव्या खुर्चीची किंमत

भारतात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजे सीपीएल, मिळवण्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. त्यातले १०० तास उमेदवाराने पायलट-इन-कमांड म्हणून स्वतः करायचे असतात. शिवाय नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि तांत्रिक विषयांच्या लेखी परीक्षा, रेडिओ टेलिफोनीचा परवाना आणि क्लास १ वैद्यकीय प्रमाणपत्र हवे. बारामती, गोंदिया, धुळे किंवा परदेशात हे सारे पुरे करायला दीड-दोन वर्षे जातात आणि ५० लाखांच्या आगेमागे खर्च येतो. परवाना आला की घरी पेढे वाटले जातात. पण त्या परवान्यावर उडवता येते ते उमेदवाराने शिकताना वापरलेले छोटे विमान. प्रवासी कंपनीच्या एअरबस ३२० किंवा एटीआर ७२ च्या उजव्या खुर्चीत, म्हणजे को-पायलटच्या जागी बसायचे, तर त्या विशिष्ट विमानाचे टाइप रेटिंग लागते. नवख्या वैमानिकाची आर्थिक फसगत बहुतेक वेळा परवाना आणि ही खुर्ची यांच्या मधल्या टप्प्यात होते.

खर्चाचे ओझे कोणाकडे

टाइप रेटिंगमध्ये वर्गातले शिक्षण, सिम्युलेटरवरची सत्रे आणि प्रत्यक्ष विमानावर टेक-ऑफ व लँडिंगचा सराव असतो. त्यानंतर प्रवासी घेऊन जाणाऱ्या उड्डाणांत प्रशिक्षक कॅप्टनच्या देखरेखीखाली लाइन ट्रेनिंग होते. ते संपून उमेदवार ‘रिलीज’ झाला की तो कंपनीचा पूर्ण को-पायलट ठरतो. पूर्वी मोठ्या कंपन्या, विशेषतः सरकारी, आधी नोकरी देत आणि मग हे शिक्षण स्वखर्चाने करून घेत. स्वस्त दराच्या कंपन्या आल्यावर हे गणित उलटले. शिकवलेला वैमानिक दुसरीकडे गेला तर खर्च बुडतो, आणि दाराबाहेर उमेदवारांची रांग तर कायमच असते. म्हणून टाइप रेटिंगचे १५ ते २५ लाख रुपये उमेदवारानेच भरायचे, अशी पद्धत रुळली. काही कंपन्या खर्च स्वतः करतात आणि त्याबदल्यात काही वर्षांचा बाँड लिहून घेतात.

पण नुसत्या टाइप रेटिंगने काम भागत नाही. अनेक जाहिरातींत ‘त्या विमानावरचे ५०० तास’ मागितलेले असतात. नोकरीशिवाय तास नाहीत आणि तासांशिवाय नोकरी नाही, या कोंडीत सापडलेल्या उमेदवाराला काही कंपन्या आणि दलाल तासच विकू लागले. याला ‘पे-टू-फ्लाय’ म्हणतात. प्रवाशांनी तिकिटे काढलेली असतात, विमान नेहमीच्या मार्गावर जात असते, आणि उजव्या खुर्चीतला वैमानिक पगार घेण्याऐवजी त्या खुर्चीचे पैसे भरत असतो. कंपनीला एकाच उड्डाणाचे पैसे दोन बाजूंनी मिळतात.

युरोपात याला जोडूनच कंत्राटी नोकऱ्यांची पद्धत पसरली. बेल्जियममधील घेंट विद्यापीठाने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहा हजारांहून अधिक वैमानिकांची पाहणी होती. त्यांपैकी सहात एकाहून जास्त वैमानिक कंपनीचे थेट नोकर नव्हते. ते एजन्सीमार्फत, स्वयंरोजगारी म्हणून किंवा तासांची हमी नसलेल्या करारावर काम करत होते. तरुण वैमानिकांत हे प्रमाण आणखी जास्त होते.

अमेरिकेतला धडा

तुटपुंज्या पगाराचा प्रश्न अमेरिकेत चव्हाट्यावर आला तो एका अपघातामुळे. १२ फेब्रुवारी २००९ रोजी नेवार्कहून बफेलोला निघालेले कोलगन एअरचे उड्डाण ३४०७ उतरण्याआधी कोसळले. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले. विमान स्टॉल होत असल्याचा, म्हणजे पंखांची उचल संपत असल्याचा इशारा मिळाल्यावर कॅप्टनने चुकीची प्रतिक्रिया दिली, हे अपघाताचे कारण राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने नोंदवले. पण सुनावणीत वैमानिकांच्या राहणीचेही तपशील पुढे आले. को-पायलटचा वार्षिक पगार सुमारे १६ हजार डॉलर असल्याचे तिथे सांगितले गेले. ती सिॲटलजवळ राहत होती आणि मालवाहू विमानांतून रात्रभर प्रवास करून नेवार्कला कामावर आली होती. कॅप्टनने कारकिर्दीच्या सुरुवातीला पैसे भरून उजव्या खुर्चीतले तास मिळवण्याचा कार्यक्रम केला होता.

अमेरिकी काँग्रेसने २०१० मध्ये कायदा केला. २०१३ पासून को-पायलटलाही साधारणपणे १,५०० तास बंधनकारक झाले. विद्यापीठातून किंवा लष्करातून आलेल्यांना थोडी सवलत मिळाली. या नियमाने सुरक्षितता किती वाढली, यावर अजून वाद आहे. पगारावर मात्र परिणाम झाला. उमेदवार कमी पडू लागल्यावर छोट्या प्रादेशिक कंपन्यांना दर वाढवावे लागले, आणि २०२२ मध्ये त्यांतल्या काहींनी पहिल्या वर्षाच्या को-पायलटला ताशी ९० डॉलर देऊ केले. सुरुवातीचा पगार रांगेच्या लांबीवर ठरतो, हे यातून स्पष्ट होते.

कर्जाचा हिशेब

साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. म्हणून वैमानिकाच्या कर्जामागे बहुधा आईवडिलांचे घर किंवा जमीन असते. समजा, ५० लाखांचे कर्ज ११ टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी घेतले. लगेच फेडायला सुरुवात झाली तर हप्ता महिना सुमारे ६९ हजार बसतो. पण प्रशिक्षण आणि नोकरीची वाट पाहणे यांत दोन वर्षे गेली आणि त्या काळातले साधे व्याज मुद्दलात मिळवले, तर रक्कम ६१ लाखांवर आणि हप्ता ८४ हजारांवर जातो. त्यात टाइप रेटिंगचे २० लाख घातले की हप्ता १ लाख ११ हजारांच्या पुढे सरकतो.

समोरचा पगार कसा असतो, हेही पाहावे लागते. वैमानिकाच्या वेतनाचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर अवलंबून असतो, आणि हे तास विमान स्टँडवरून हलल्यापासून पुन्हा स्टँडवर थांबेपर्यंतच मोजले जातात. वर्गात आणि सिम्युलेटरवर जाणाऱ्या महिन्यांत फक्त विद्यावेतन मिळते, कधी तेही नाही. हप्ते सुरू न करण्याची बँकेची सवलत साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर वर्षभराने संपते. उमेदवार ‘रिलीज’ झाला की नाही, हे बँक विचारत नाही.

शिवाय परवाना जिवंत ठेवण्याचा खर्च वेगळा. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता, आणि तरुण वैमानिकाचे वैद्यकीय प्रमाणपत्र वर्षभराने नूतनीकरणाला येतात. घरी बसलेल्या वैमानिकालाही रेटिंगसाठी तासाच्या भाड्याने विमान घ्यावे लागते.

विकत घेतलेल्या तासांचा अनुभव

प्रस्तुत लेखकाने परवाना मिळाल्यावर एक वर्ष वाट पाहिली आणि मग पे-टू-फ्लायचाच मार्ग धरला. अंधेरीतल्या एका दलालाने आग्नेय आशियातल्या एका कंपनीत टाइप रेटिंग आणि सहा महिन्यांत ५०० तास, असे पॅकेज दिले. करार चौदा पानी होता. फी डॉलरमध्ये होती आणि त्यातला साठ टक्के भाग निघण्याआधी द्यायचा होता. नवव्या पानावर एक छोटे वाक्य होते: तास विमानाच्या उपलब्धतेनुसार दिले जातील. सही करताना ते वाक्य वाचले गेले होते, पण त्याचा अर्थ लावला गेला नव्हता.

तिसऱ्या महिन्यात कंपनीने भाड्याची दोन विमाने परत केली. उरलेल्या रोस्टरमध्ये आधी पगारी को-पायलट बसवले गेले. एका खोलीत राहणारे, तास विकत घेतलेले पाच उमेदवार रोज संध्याकाळी मोबाइलवर रोस्टर उघडत आणि बहुतेकांच्या नावापुढे ‘स्टँडबाय’ असे. एकदा नाक चोंदलेले असताना उड्डाण मिळाले. आजारी असल्याचे कळवणे हे वैमानिकाचे कर्तव्य. पण प्रत्येक तासाचे पैसे आधीच भरलेले होते आणि पुढचा तास कधी मिळेल, याचा भरवसा नव्हता. उतरताना उजव्या कानात इतकी कळ आली की टॉवरचे बोलणे नीट कळेना. रेडिओ कॅप्टनने सांभाळला. पैसे भरून बसलेला वैमानिक ‘आज जमणार नाही’ हे वाक्य उच्चारू शकत नाही, आणि या व्यवस्थेचा सर्वांत मोठा धोका तोच आहे.

आठ महिन्यांनी लॉगबुकात १८७ तास होते. परतावा मिळाला नाही. भारतात ५०० तासांच्या अटीपुढे त्या १८७ तासांना काही मोल नव्हते. पुढे दोन वर्षे एका फ्लाइंग स्कूलमध्ये प्रशिक्षकाचे काम मिळाले. पगार बेताचा होता, पण तास मिळत आणि त्यांचे पैसेही मिळत. अखेर एका कंपनीत नवखा उमेदवार म्हणूनच निवड झाली. विकत घेतलेल्या तासांबद्दल मुलाखतीत कोणी विचारलेही नाही.

बातम्या आणि भरती

२०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. त्याच वर्षी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) १,६२२ सीपीएल दिले, हा तोवरचा उच्चांक होता. पण अशी मागणी पुरी व्हायला अनेक वर्षे लागतात. मे २०२३ मध्ये गो फर्स्टची उड्डाणे थांबली आणि अनुभवी वैमानिक बाजारात आले. त्याआधी ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशर आणि एप्रिल २०१९ मध्ये मुंबईची जेट एअरवेज अशाच थांबल्या होत्या. दर वेळी तास असलेले वैमानिक रांगेत पुढे गेले आणि नुकतेच परवाना घेतलेले मागे सरकले. वर्तमानपत्रातला विमानांचा आकडा पाहून कर्ज काढणाऱ्याने हे चक्र लक्षात ठेवावे.

नव्या उमेदवारांसाठी

फी भरण्याआधी क्लास १ वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. रंगदृष्टीचा किंवा हृदयाचा दोष प्रशिक्षणानंतर कळला तर लाखो रुपये जातात. तो आधी कळला तर जातात ते तपासणीपुरतेच.

फ्लाइंग स्कूलला एकरकमी पैसे देऊ नयेत. उडालेल्या तासांनुसार टप्प्याटप्प्याने द्यावेत, तेही संस्थेच्या बँक खात्यात आणि पावती घेऊन. प्रवेश घेण्याआधी तिथल्या विद्यार्थ्यांना गाठून तीन गोष्टी विचाराव्यात: किती विमाने आज उडण्याजोगी आहेत, प्रशिक्षक किती आहेत आणि २०० तास पुरे व्हायला खरोखर किती महिने लागले.

लॉगबुकात न उडालेला एक मिनिटही लिहू नये. अशा तासांना वैमानिक थट्टेने ‘पार्कर पेनचे तास’ म्हणतात, पण कागदावरचा कोणताही खोटेपणा महागात पडतो. जानेवारी २०११ मध्ये गोव्यात एक विमान पुढच्या चाकावर उतरवले गेले. चौकशीत त्या वैमानिकाची गुणपत्रिका बनावट निघाली. मग देशभर परवान्यांची तपासणी झाली, अनेकांचे परवाने गेले आणि काहींना अटक झाली.

बाँड वाचताना रक्कम, मुदत आणि मुदत सरताना रक्कम कमी होत जाते का, हे पाहावे. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार भरपाई वाजवी मर्यादेतच मिळते, पण त्यासाठी कोर्टात उभे राहावे लागते. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार को-पायलटला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष आधी राजीनाम्याची नोटीस द्यावी लागते, हेही हिशेबात धरावे.

घरातल्यांनी परवान्याच्या खर्चाखेरीज किमान दोन वर्षांचे हप्ते बाजूला ठेवता येतात का, ते पाहावे. येत नसतील तर आधी पदवी आणि नोकरी करून दोन-चार वर्षांनी उड्डाणाकडे वळण्यात कमीपणा नाही. वाट पाहण्याच्या काळात प्रशिक्षकाचे काम किंवा विमान कंपनीच्या ऑपरेशन्स विभागातली नोकरी मिळत असेल तर ती घ्यावी.

टाइप रेटिंगचे पैसे देणे आज बहुतेकांना टळत नाही. ते द्यावेत, पण कंपनीचे लेखी नियुक्तिपत्र हातात आल्यावर, हप्त्याने आणि परताव्याच्या स्पष्ट अटीसह. ‘जागा असल्यास’ असे शब्द असलेले पत्र नियुक्तिपत्र समजू नये. आणि तिकीट काढलेले प्रवासी बसलेल्या विमानाच्या उजव्या खुर्चीसाठी कोणालाही एक रुपया देऊ नये. ते काम आहे, आणि कामाचा पगार घ्यायचा असतो.