एफ्फाथा! : प्रभूच्या बोलीतील कान आणि जीभ

(वाचन : मार्क ७:३१-३७)

संत मार्क यांनी आपले शुभवर्तमान ग्रीक भाषेत लिहिले. तरीही प्रभू येशूच्या तोंडचे काही अरामी शब्द त्यांनी जसेच्या तसे ठेवले आहेत. ‘एफ्फाथा’, म्हणजे ‘मोकळा हो’, हा त्यांपैकी एक. बहिऱ्या-तोतऱ्या माणसाला प्रभूने गर्दीतून बाजूला नेले, त्याच्या कानांत बोटे घातली, जिभेला स्पर्श केला आणि हा शब्द उच्चारला.

त्या काळी गालिलातील घराघरांत अरामी बोलली जाई. अवयवांची नावे मूल आईच्या मांडीवर शिकते. सिरियाक या अरामीच्याच शाखेत हाताला ‘ईदा’, डोक्याला ‘रेशा’, कानाला ‘एदना’ म्हणतात. जीभ म्हणजे ‘लेश्शाना’, आणि भाषेलाही तोच शब्द. हिंदीतल्या ‘जबान’सारखाच! हृदय म्हणजे ‘लेब्बा’. बायबलमधील माणूस केवळ भावनाच नव्हे, तर विचारही हृदयातच करतो.

सर्वांत बोलका शब्द आहे ‘रहमे’, म्हणजे दया. त्याचे नाते आईच्या गर्भाशयाच्या नावाशी आहे. आपल्या कानांवरून गेलेला ‘रहम’ हा अरबी शब्दही याच भाषाकुळातला. दया म्हणजे वरून टाकलेली भीक नव्हे. पोटच्या लेकरासाठी आतडे तुटावे तसा तो कळवळा आहे. हाच कळवळा प्रभूला ‘गोलगोथा’पर्यंत घेऊन गेला. तेही एका अवयवाचेच नाव : कवटीची जागा.

बालकांच्या स्नानसंस्कारात ‘एफ्फाथा’चा विधी आहे. धर्मगुरू बाळाच्या कानांना व तोंडाला स्पर्श करून प्रार्थना करतात. आपले कान असे देवासाठी मोकळे केलेले आहेत. पण घरात आजी-आजोबांना ऐकू येईनासे झाले, एकच वाक्य तीनदा सांगावे लागले, की आपण ‘जाऊ दे, काही नाही’ म्हणून विषय तोडतो. अशा वेळी खरे बहिरे कोण? प्रभूने त्या माणसाला वेळ दिला, जवळ घेतले, स्पर्श केला. आपणही एवढे करू शकतो.

चिंतनासाठी :
१. या आठवड्यात आपण कोणाचे बोलणे अर्ध्यावर तोडले?
२. आपल्या घरात कोणाजवळ बसून, हात हातात घेऊन बोलण्याची गरज आहे?